फिडो नको

स्प्रिंगफील्डमधल्या प्राणी-निवाऱ्याच्या रांगेत व्हर्नाच्या पुढे एक म्हातारं जोडपं उभं होतं. दोघांच्या मध्ये तपकिरी कुत्रा बसला होता. आधी दोन घरांनी नेऊन परत आणून सोडलेला.

"फॉर्मवर फिडो लिहू?" आजींनी विचारलं. "लिंकनच्या कुत्र्याचं नाव."

"नको गं. लिंकन राष्ट्राध्यक्ष होऊन वॉशिंग्टनला गेले, अन् त्याला इथंच ठेवून गेले."

"मग?"

"फाला लिही. रूझवेल्टचा कुत्रा. ते त्याला आगगाडीतून, बोटीतून, सगळीकडे न्यायचे."

"आणि आपण डेन्व्हरला लेकीकडे जाऊ तेव्हा?"

"मागची सीट रिकामीच असते की."

"केस पडतील हं, मर्ल."

"पडू देत."

"फाला... अय्या, कान टवकारले बघ!"

"तुझ्या हातातल्या बिस्किटाला टवकारले."

"असू दे. मी लिहिलं."

फॉर्म काउंटरवर देऊन तिघं निघाले, तेव्हा व्हर्नानं रांग सोडली आणि त्यांच्यासाठी दार उघडून धरलं.