फरशी ओली आहे!

...आणि तेसुद्धा जुलैत! जुलै महिन्यात शाळा! तुम्हाला सांगतो, चौतीस वर्षं मी या गावच्या शाळेचा शिपाई होतो, झाडू माझा, बॉयलर माझा, त्रेसष्ट किल्ल्यांचा जुडगा माझ्या कमरेला, मी नुसता जिन्यात वाजायला लागलो की सहावीतली पोरं पळायची आणि मुख्याध्यापक खिडकीतून सिगरेट टाकायचे... आणि या चौतीस वर्षांत मला एक गोष्ट पक्की कळलीय, की जुलैत, ऐन उन्हाळ्याच्या सुट्टीत, शाळेत पोर नसतं. नसायलाच पाहिजे! जुलै हा पोरांचा महिनाच नाही, जुलै हा फरशीचा महिना आहे. जुनं मेण खरवडून काढायचं, नव्या मेणाचे पाच हात द्यायचे, प्रत्येक हात एक दिवस वाळू द्यायचा, आणि तोवर आत कुणी पाऊल टाकायचं नाही, मग तो गव्हर्नर असो नाहीतर संगीताच्या बाई. दारात पिवळी पाटी ठेवायची आणि ओरडायचं, "फरशी ओली आहे!" संपला विषय.

आणि माझी मुलगी म्हणते, "बाबा, आमची शाळा एक जुलैला सुरू. तुमच्या घरात."

माझ्या घरात! शिपायाच्या घरात शाळा! म्हणजे माणसानं आयुष्यभर मासे साफ करून घरी यावं आणि बघावं तर पलंगावर मासा!

आता मार्नीचंही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल आर्व्ह म्हातारा नुसता करवादतोय. मार्नी माझी एकुलती एक. पोरं चार. तिचा नवरा डेल बोटीवर, त्या लांबच्या लांब बोटी, लोखंडाचं खनिज भरून सरोवरातून जातात ना, त्यावर. मार्चमध्ये गेलेला माणूस जानेवारीत, पाणी गोठून वाट बंद झाली, की घरी येतो. आणि घरी येऊन बघतो काय, पोरं कुठंयत? शाळेत! आणि पोरांना उन्हाळ्यात अडीच महिने सुट्टी, तेव्हा बाप कुठंय? पाण्यात! गेल्या मार्चमध्ये निघायच्या दिवशी तो दारात बॅग घेऊन उभा, शेजारीण भेटायला आली, आणि आमची धाकटी बर्डी, पाच वर्षांची, शेजारणीला ओळख करून देते, "हे डेल. हे आमच्याकडे थंडीत येतात."

थंडीत येतात! स्वतःचा बाप! डेल हसला बिचारा, हसत हसत गेला, आणि गाडीत बसून दहा मिनिटं गाडी सुरूच करेना.

तर मार्नीनं त्याच दिवशी ठरवलं, वर्षच उलटं करायचं. पोरांना घरीच शिकवायचं, उन्हाळ्यात अभ्यास आणि थंडीत बाप घरी असताना सुट्टी. याच्यावर मी काय बोलणार? म्हणजे बोललो. भरपूर बोललो. "अगं, पोरं बिघडतील, त्यांना घंटा नको? रांग नको? मधली सुट्टी नको?" ती शांतपणे म्हणाली, "बाबा, मला फक्त एक खोली हवीय," आणि भाड्याचं घर सोडून, चार पोरं आणि पुस्तकांची अठरा खोकी घेऊन माझ्याकडे हजर!

आणि घरात रिकामी खोली कुठली? एकच. अर्लीनची शिवणाची.

अर्लीन म्हणजे माझी बायको. तीन वर्षं झाली तिला जाऊन. खोली तशीच होती. मशीन तसंच, सुईत हिरवा दोरा ओवलेला तसाच, आणि मध्ये तिचं ते कापड बेतायचं मोठं टेबल, मीच करून दिलेलं, मॅपलच्या फळ्यांचं, एवढं भक्कम की त्यावर गाय उभी राहील. तीन वर्षांत मी त्या खोलीत गेलो असेन चारदा, आणि चारही वेळा दार उघडून, बघून, दार लावून घेतलं.

आता मी मुलीला "नाही" म्हणालो का? छे! नाही म्हणायला माझी जीभच वळत नाही. मी काय म्हणालो... "फरशी करावी लागेल."

म्हणजे करायलाच हवी होती हो! शिवणाची खोली, जमिनीवरच्या लिनोलियमच्या फटीफटीत टाचण्या, आणि बर्डी जन्मल्यापासून अनवाणी! मी दोरीला लोहचुंबक बांधून अख्खी खोली ओढली, चारशेच्या वर टाचण्या निघाल्या. मग मेण खरवडलं. मग पहिला हात. मार्नी दारात, "बाबा, खोकी आत ठेवू?" "फरशी ओली आहे!" दुसरा हात. थोरला गस येतो, बारा वर्षांचा, "आजोबा, फळा लावायला मदत करू?" "फरशी ओली आहे!" पाच हात झाले, फरशी अशी की वाकलो तर माझं टक्कल दिसतंय... आणि मला कोपऱ्यात एक रेघ दिसली. दिसली म्हणजे मी शोधली. काढलं सगळं मेण, पुन्हा पहिल्यापासून!

तोवर बाकीची तयारी जोरात, बरं का. जुन्या शाळेतून चार खुर्च्या मिळवल्या, त्यांच्या सोळा पायांना सोळा टेनिसचे चेंडू कापून बसवले, आवाज नको म्हणून. घंटा आणली. भिंतीला घड्याळ लावलं, ते सात मिनिटं मागं, म्हटलं खऱ्या शाळेसारखं वाटेल. सगळं तयार! आणि पोरं कुठं शिकतायत? जिन्यावर! चार पायऱ्यांवर चार पोरं, इयत्तेप्रमाणे, वरच्या पायरीवर गस, मग इंग्रिड, मग लाइफ, खाली बर्डी, आणि मी बादली घेऊन वर जायला निघालो की अख्खी शाळा उठून भिंतीला चिकटायची.

मार्नी शेवटी चिडली. ती चिडली की आवाज खाली जातो, आईवर गेलीय. म्हणाली, "बाबा, खरं सांगा. फरशी कधी वाळणार आहे?"

मी म्हटलं, "हवेत ओल आहे."

"बाहेर चौऱ्याण्णव डिग्री फॅरनहाइट आहे."

"तळघरातून येते ओल."

दुसऱ्या दिवशी मांस-बटाटा भरलेली पास्टी खाताना ती सगळ्यांसमोर म्हणाली, "डेलच्या आईचा फोन आला होता. त्यांच्याकडे तळघर रिकामं आहे. आम्ही सोमवारी डुलुथला जातो."

डुलुथला! आमच्या विहीणबाईंकडे! विनिफ्रेडबाई म्हणजे फार चांगल्या, माझं काही म्हणणं नाही, पण त्यांच्या तळघरात काय आहे माहितीय? गालिचा! या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, पांढरा! चार पोरांची शाळा आणि पांढरा गालिचा! एकदा रंग सांडला की गेला तो गालिचा विनिफ्रेडबाईंच्या पुढच्या पिढीपर्यंत! मी एवढं सगळं बोललो, गालिच्याविरुद्ध पंधरा मिनिटं बोललो, आणि जे बोलायचं ते एक वाक्य काही तोंडातून निघेना. पोरं खाली मान घालून पास्टी खात होती. पोरं गेली की या घरात पुन्हा मी, आणि ते सात मिनिटं मागचं घड्याळ. भीती वाटली हो मला. खरंच वाटली.

मग मी काय केलं? शहाण्या माणसासारखं जाऊन खोली उघडून दिली? नाही! शनिवारी सकाळी उठलो आणि पुन्हा एक हात दिला. सवय! मेण पातळ, एकसारखं, कित्येक दिवसांनी खरोखर ओलं, आणि दारात पाटी. कॉफी पिऊन परत येतो तर काय... फरशीवर पावलं.

ओल्या मेणावर! पाच-पाच बोटं, मोजून घ्या, दारापासून निघाली आणि गेली थेट टेबलाखाली. चौतीस वर्षांत कुणाची टाप नव्हती! मी ओरडलो, "बर्डी! बाहेर ये! फरशी ओली आहे!"

टेबलाखालून आवाज, "मी नाही येणार. मला गालिच्याच्या शाळेत जायचं नाही."

आता काय करता? बूट काढले, मोज्यांवर, माझ्याच ओल्या मेणातून, गुडघे कुरकुरतायत, रांगत रांगत टेबलाखाली गेलो. ही बया उताणी झोपलेली, पोटावर हात, वर बघतेय. मी तिचा पाय धरला ओढायला, तर म्हणते, "आजोबा, थांब. हे वर काय आहे?"

मी वर बघितलं.

च्युइंगम.

अहो, च्युइंगम! ज्याच्याशी मी चौतीस वर्षं लढलो, दर शुक्रवारी पट्टी घेऊन बाकांखाली शिरून खरवडलं, ते माझ्या घरात, मी केलेल्या टेबलाखाली! एक नाही, दोन नाही, सव्वीस! आणि कसे, तर एका रेषेत, सारखं अंतर सोडून, टीप मारल्यासारखे! आणि तुम्हाला सांगतो, च्युइंगम बघून कुणाचं ते मी सांगतो, गावात विचारा, दाताच्या खुणेवरून मी आत्ताच्या मेयरला पकडलेलं आहे. मी जवळ जाऊन बघितलं, प्रत्येकावर बारीक बारीक खळगे. अंगुस्तानाचे! शिवताना बोटात घालतात ते! बोटात अंगुस्तान असतानाच घाईघाईनं दाबून बसवलेलं. वास घेतला. दालचिनी.

अर्लीन!

अर्लीनला दातांच्या डॉक्टरांनी च्युइंगम बंद केलेलं, वीस वर्षांपूर्वी, कवळी खराब होते म्हणून, आणि तिनं माझ्यासमोर सोडलेलं! आणि रोज संध्याकाळी मी जेवायला बसून काय सांगायचो? "अर्लीन, आज एकेचाळीस खरवडले!" आणि ती सूप वाढता वाढता, तोंड इतकं गंभीर करून, "अरेरे! कुणाची रे ही पोरं? आईबापांनी काही वळण लावलं नाही का?" अहो, आईबापांनी! आत्ताच टेबलाखाली चिकटवून आलेली बाई!

मला हसू फुटलं. टेबलाखाली, उताणा, मेणात चिकटलेला, मी हसतोय आणि थांबताच येईना, डोळ्यांतून पाणी कानात जातंय, आणि बर्डी घाबरून ओरडली, "आई, आजोबा रडतायत!" मार्नी धावत आली, पाटी ओलांडून, मागून तिन्ही पोरं, तेही पाटी ओलांडून, सगळी फरशी, सहावा हात, सगळा सत्यानाश! आणि सहाच्या सहा जण टेबलाखाली आडवे.

मी म्हटलं, "मार्नी, बघ! तुझ्या आईचं बघ!"

मार्नीनं बघितलं. तोंड बारीक करून म्हणाली, "बाबा... तुमच्या गाडीचा सायलेन्सर फुटका होता ना? तुम्ही कोपऱ्यावर आलात की आई पटकन चिकटवायची."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"बाबा, अख्ख्या गल्लीला माहीत होतं."

घ्या! त्रेसष्ट किल्ल्या असलेल्या माणसाला आपल्या घरातलं एक टेबल माहीत नाही! पण एवढं बरं वाटलं हो मला, तीन वर्षांत एवढं बरं वाटलं नव्हतं. तीन वर्षं मी ती खोली देवळासारखी बंद ठेवली, आणि ही बाई आत बसून सहावीतल्या पोरासारखी वागत होती! म्हटलं, आर्व्ह, हिची खोली कुणाला द्यायची, याचं उत्तर हिनंच देऊन ठेवलंय. आणि मग ते वाक्य निघालं. "मार्नी, जाऊ नका. खोली तुमची आहे. फरशी... फरशी वाळलीय." पाठ मेणात चिकटलेली असताना म्हणालो.

सोमवारी डुलुथला कुणी गेलं नाही. शाळा भरली. मशीन खिडकीशी ठेवलं, हिरवा दोरा इंग्रिडनं संपवला, त्याचा एक भयंकर रुमाल केलाय, तो मी वापरतो. बर्डीची पावलं मेणात तशीच वाळली, ती मी खरवडली नाहीत. आणि जानेवारीत डेल आला तेव्हा गावची पोरं अंधारात, बर्फात, शाळेच्या बसची वाट बघत उभी, आणि आमची चार बापाबरोबर गोठलेल्या सरोवरावर मासे धरायला बसलेली. शेजारीण भेटली, तिला बर्डी काय म्हणाली? "हे माझे बाबा. यांना सुट्टी आहे, आणि आम्हालापण." देवाचे उपकार, आणखी काय म्हणू!

फक्त एक गोष्ट. शुक्रवार माझा तपासणीचा, तो मी सोडलेला नाही. गेल्या शुक्रवारी पट्टी घेऊन टेबलाखाली गेलो. सत्तावीस! नवीन! दालचिनी! पोरं खातात ती स्ट्रॉबेरीची थेरं, म्हणजे पोरं नाहीत. आणि वर अंगुस्तानाचे खळगे. मी बाहेर येऊन मार्नीकडे बघितलं, ती फळ्यावर भागाकार लिहीत होती, पाठमोरी, आणि कान लाल. चौतीस वर्षं मी गावाच्या पोरांना वळण नाही म्हणून ओरडलो, आणि हे माझंच घराणं!

खरवडलं का? नाही खरवडलं. उलट आता तुम्हाला म्हणून सांगतो, बाहेर बोलू नका... काल मोजले तर अठ्ठावीस आहेत. अठ्ठाविसाव्यावर अंगुस्तानाची खूण नाही, माझ्या अंगठ्यात ते बसतच नाही. आणि कुणी मध्येच आत येऊ नये म्हणून पाच मिनिटं दारात पिवळी पाटी लावून ठेवली होती, फरशी ठणठणीत कोरडी होती.