नऊ दिवसांचा सॅक्सोफोन

माहा जल्म बार्शीटाकळीच्या बाजूच्या खेड्यातला, आमचा बाप सनई वाजवे, गावात कोनाचंही लगन असो, देवाचा उत्सव असो, बाप सगळ्याईच्या पुढं वाजवत चाले अन जेवाची पंगत बसली का सगळ्याईच्या मांगं, उकिरड्याच्या बाजूले. मंग आमच्या लोकाईनं बुद्धाची दीक्षा घेतली. त्या वक्ती मी पंधरा-सोळाचा असन. बापानं सनई चुलीत घातली, मायच्या डोयादेखत, अन म्हने आजपासून या घरात कोनी कोनाच्या दारात वाजवनार नाही. काय सांगू तुमाले भाऊ, पन मले तोवर नाद लागलता. चार वर्सं कशीतरी काढली वावरात, अन एक दिवस पयालो अमरावतीले, दौलतमामाकडे.

दौलतमामा म्हंजे मायचा सख्खा भाऊ. गुलाबराव मास्तरच्या बँडात क्लारनेट वाजवे. लाल कोट, पितळी बटनं. मले वाटलं, हे कुठं बापाच्या सनईसारखं हाय, हे तं नोकरीसारखं हाय. मामानंच शिकवलं मले, फुंक कशी धराची, बोट कसं उचलाचं, दीड वर्सं, चुकलं का कानाखाली देई, पन शिकवलं, मंग मास्तरनं मलेही बँडात घेतलं. त्याच्यावानी क्लारनेट अमरावतीत कोनी वाजवत नसे, हे मी नातं हाय म्हून नाही सांगून राहिलो.

मामाले एकच आस होती. सॅक्सोफोन. बारा वर्सं मास्तरच्या मांगं लागला, मास्तर, एक सॅक्स आना, मंग पाहा आपला बँड. अन मास्तरनं आनला एकदाचा, मुंबईहून, रेल्वेच्या पार्सलनं. आलटो सॅक्सोफोन. बँडच्या दुकानात पेटी उघडली, आत निळी मखमल, नव्या चामड्याचा वास, अन ते सोन्यावानी जनावर वाकडी मान करून निजेल. मामानं धोतराले हात पुसले, पुढं झाला. मास्तर म्हने, तू थांब दौलत. देवीच्या वनाचं, खड्ड्याखड्ड्याचं तुहं तोंड, वरातीत सगळ्याईच्या पुढं कसं उभं करू? नव्या वाजाले नवं तोंड पायजे. अन माह्याकडं बोट करून म्हने, सुदाम, तू घे.

सगळे हासले. मामाही हासला.

तुमी इचारून राहिले ना, पहिल्यांदा हाती घेतला तं कसं वाटलं? जड. पट्टा गळ्यात घातला तं मान खाली ओढली गेली, जसं कोनी बोकड गळ्यात बांधला. क्लारनेटची सवय, म्हून ओठ आवळून फुंकलं तं असं किचाळलं का रस्त्यावरचे लोक थांबले. मामा कोपऱ्यातून म्हने, ओठ ढिले सोड लेका, क्लारनेट नाही ते. त्याच्या हाती कधी आला नवता, तरी त्याले ठाऊक होतं. मी ओठ ढिले सोडले, पोटातून हवा देली, अन बाप्पा! असा सूर निघाला का माह्याच छातीत घुमला, कपाटाच्या काचा झनझनल्या. क्लारनेटमंधी वरच्या सुराले सारी बोटं बदलून जातात, इथं तीच बोटं, फक्त डाव्या अंगठ्याची चाबी दाबली का तोच सूर वर जाते. मी एकदम वर गेलो, खाली आलो, अजून वर गेलो. उजव्या अंगठ्यावर त्याचा सारा भार, अंगठा सुजला, तरी सोडवेना. बापाची सनई, मामाचं क्लारनेट, सारं मले पोरखेळ वाटाले लागलं.

तिसऱ्या दिवशी मामा जवय आला, म्हने सुदाम, एक फुंक मारू दे. एकच. मी म्हनलं मास्तरनं सांगतलं, दुसऱ्याचं तोंड लागाले नाही पायजे. मास्तरचा हुकूम होता, हे खरं हाय. पन हुकूम नसता तरी मी देला नसता भाऊ. हेही खरं हाय.

नवव्या दिवशी दर्यापूरकडं एका खेड्यात वरात होती. चैताचं ऊन, दुपारचे चार, जमीन तापेल. मी पुढं, लोक वाजवनं आयकून कमी अन वाजा पाहून जास्त खुश. मधात नळापाशी मी पानी प्यालो. नवरदेवाचा चुलतभाऊ होता, पिऊन आलता, त्यानं इचारलं कोन गाव, कोनाचा? मी सांगतलं, बौद्ध हाय. तो म्हने, हाव का? आता बौद्ध झाले तं मंग आमच्या दारात वाजवता काहून? मी म्हनलं पोटासाठी. तो म्हने बरं, वाजव मंग, थांबाचं नाही.

मी डोये मिटून वाजवून राहिलतो. त्या लांब सुरावर होतो, पोटातून हवा देऊन. त्यानं सुतळीचा फटाका पेटवला अन सॅक्सच्या भोंग्यात टाकला.

आवाज मले आयकूच नाही आला. तोंडात कोनी हातोडा मारला असं झालं. सॅक्सची फुंकाची तोंडी दातावर आदळली, वरचे दोन दात मुळातून तुटले, तिसरा अर्धा, ओठ फाटला. मी मातीत बसलो. लोक हासून राहिले, बायाही. मास्तर धावत आला. मले वाटलं माह्यासाठी आला. त्यानं माह्या गळ्यातला पट्टा काढला, सॅक्स उचलला, भोंग्यात पायलं, अन बाकीच्याईवर वरडला, थांबले काहून, वाजवा! तवा मामानं क्लारनेट तोंडाले लावलं. मी जिथं थांबलो तिथूनच उचललं त्यानं गानं. वरात माह्या बाजूनं निंगून गेली.

एक ट्रकवाला मले अकोल्याच्या दवाखान्यात टाकून गेला. ओठाले सात टाके. डावा कान गेला. घरी आलो तं बाप म्हने, झालं तुहं वाजवनं? बरं झालं. अन मंग दोन महिने भाताची पेज वाटीत घेऊन त्यानंच मले चारली, पन तो शब्द काही परत घेतला नाही.

दिवाळी सरली अन बँड अकोल्याले आलता एका लग्नात. मी पाहाले गेलो. सॅक्स मामाच्या गळ्यात. फाटेल भोंगा डाग देऊन सांधून आनेल. मास्तरले दुसरा वाजवनारा भेटला नवता, मंग देवीचे वनही चालले. मामानं मले पायलं, पट्टा काढला अन सगळ्याईसमोर माह्या गळ्यात घातला. म्हने वाजव. मी नाही म्हनलं. तो म्हने वाजव ना, तुले नाही म्हननारा मी कोन? मी फुंकलं. दाताच्या फटीतून नुसती हवा अन थुका. बँडवाले हासले, मास्तर पोट धरून हासला. मामा हासला नाही. त्यानं तोंडी सदऱ्यानं पुसली, पुन्हा एकदा पुसली, अन वाजवाले लागला. मायेनं केलं का सूड म्हून, त्याले इचाराची माही हिंमत झाली नाही.

आता मी जिनिंगात कापसाच्या गाठी उचलतो. बायको चांगली हाय, एक पोरगी हाय, तिचं नाव सुफला ठेवलं बापानं, मले नीट म्हनता येत नाही, फ म्हनलं का हवाच जाते. पोट्टी हासते, मीही हासतो. धाकट्या भावाचं लगन जमलं आता वैशाखात. घरचे इचारत होते बँड कोनाचा सांगाचा. बाप म्हातारा झाला, भिंतीकडे पाहत बसला. मीच म्हनलं, मामाचा सांगा. लय सुंदर वाजवते आता, माह्याहून लाख पटीनं चांगलं, देव बीव आपन मानत नाही पन त्याले उमर लाभो. वरातीत मी जाईन का? नाही भाऊ. कोनीतरी मंडपात राहाले पायजे, बँडवाले येतीन, त्याईच्या पंगतीले मी वाढीन. पहिली पंगत त्याईची.