कुंडलिकरावांचा पाठिंबा

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आणि आपल्या सोसायटीचे चेअरमन अनिरुद्धराव, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आपले सेक्रेटरी श्यामसुंदरराव, शेजारच्या सोसायटीतून अगत्याने आलेली पाहुणेमंडळी, पुढच्या रांगेत बसलेल्या कमलताई, आणि मागे बटाटेवड्यांच्या वासाकडे लक्ष ठेवून असलेल्या माझ्या शेजाऱ्यापाजाऱ्यांनो, सगळ्यांना नमस्कार.

मी शुभा, बी विंगमधली. अनिरुद्धरावांनी मला बोलायला सांगितलं आणि लगेच "शुभाताई, आटोपशीर हं" असंही बजावलं. प्रयत्न करते.

श्यामसुंदरराव चारकोप सोडून मनोरीला राहायला चाललेत. मार्व्याला होडीत बसायचं की पलीकडे घर. त्या घराच्या आतल्या खोलीत मोबाइलला रेंज येत नाही म्हणे. माझी खात्री आहे, हे नीट बघूनच त्यांनी ते घर घेतलंय. पाणी का आलं नाही, लिफ्ट का अडकली, माझ्या पार्किंगमध्ये कोणाची गाडी आहे, इतकी वर्षं सगळे फोन याच एका माणसाला. माणूस पळून जाईल नाही तर काय करील?

आता खरं सांगायचं ते सांगते. पाहुण्यांना ठाऊक नसेल, म्हणून थोडी ओळख करून देते. कमलताईंचे यजमान कुंडलिकराव आपल्यातून गेले, त्याला आता वर्ष होईल. आमच्या सोसायटीची एकही वार्षिक सभा अशी झाली नाही की जिथे कुंडलिकराव उठून, घसा खाकरून, "माझा विरोध नोंदवून घ्या" म्हणाले नाहीत. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला विरोध, गेटच्या रंगाला विरोध. एकदा श्यामसुंदररावांच्या अभिनंदनाच्या ठरावालाही विरोध. आणि गंमत म्हणजे माणूस नुसता अडून बसणारा नव्हता. अभ्यास करून यायचा. निम्म्या वेळा त्याचंच बरोबर निघायचं, हे श्यामसुंदररावही मान्य करतील. बघा, मान हलवली त्यांनी.

तर झालं असं. आपला मुकुल, कमिटीतला, कॉम्प्युटरमधला हुशार मुलगा. त्याच्या डोक्यात आलं, की या निरोपाला कुंडलिकरावांनीच बोलावं. सभांची रेकॉर्डिंग होतीच. ती सगळी त्याने एआयला खाऊ घातली. म्हणजे विचार करा, कच्चा माल सगळा विरोधाचा, आणि त्यातून याने काढला सत्कार.

मुकुल, तोंड लपवू नकोस, मी तुझं कौतुकच करणार आहे. कारण या मुलाने ते थेट इथे लावलं नाही. आधी कमलताईंना दाखवायला घेऊन गेला. मी तेव्हा तिथेच चहा पीत बसले होते. लॅपटॉप उघडला आणि कुंडलिकराव हात जोडून बोलायला लागले. "श्यामसुंदरराव, आपण निरपेक्ष सेवा केलीत. आपल्या प्रत्येक निर्णयाला माझा मनापासून पाठिंबा होता." तोच आवाज, तेच घसा खाकरणं.

कमलताईंचे डोळे भरून आले. म्हणाल्या, "परत लाव." मुकुलने परत लावलं. मग त्या म्हणाल्या, "आवाज त्यांचाच आहे रे. पण हे त्यांना विचारलंस का?"

"काकू, ते आता कसं विचारणार?"

"तेच म्हणते मी."

मुकुल म्हणाला, "पण काकू, वाईट कुठे बोलतायत? चांगलंच बोलतायत ना."

"चांगलं आहे, पण त्यांचं नाही. मनात नसलेला शब्द त्यांनी कधी तोंडातून काढला नाही. त्यापायी नोकरीत बढती गेली, भावकी तुटली. जिवंत असते तर तुझ्याशी भांडले असते. आता भांडता येत नाही, म्हणून काहीही बोलायला लावायचं का?"

मुकुलने लॅपटॉप मिटला. मला वाटलं, विषय संपला. पण आपल्या बिल्डिंगमध्ये गुपित लिफ्टपेक्षा वेगाने जातं. दुसऱ्या दिवशी श्यामसुंदरराव स्वतः कमलताईंच्या दारात. तेव्हाही मी तिथेच होते. हसू नका, त्यांच्याकडचा चहाच तसा असतो.

म्हणाले, "वहिनी, लावू द्या ना ते. खोटं असू दे. मला एकदा कुंडलिककडून ऐकायचंय."

मंडळी, हा माणूस कुंडलिकरावांना स्वतःच्या गाडीतून डायलिसिसला न्यायचा. जाताना भांडायचे, येताना भांडायचे. गेटातून गाडी आत आली तरी दोघांचा वाद चालूच असायचा, आपण सगळ्यांनी पाहिलंय. आणि त्यानंतरच्या सभेत कुंडलिकराव पुन्हा उभे, विरोध करायला.

कमलताई "बसा" म्हणाल्या. श्यामसुंदररावांनी हळूच विचारलं, "निदान घरी तरी? माझ्याबद्दल कधी बरं बोलला का तो?"

कमलताईंनी खूप वेळ विचार केला. मी त्यांना कोपराने ढोसत होते, की अहो, बोला काहीतरी, कोण तपासायला येणार आहे? आणि त्या म्हणाल्या, "नाही, भाऊ. कधीच नाही."

श्यामसुंदररावांचा चेहरा उतरला. मी नंतर कमलताईंना फैलावर घेतलं. तर मलाच म्हणतात, "मशीनला नको म्हटलं, आणि मग मीच तेच करू?"

मला घरी जाऊन चैन पडेना. एका भल्या माणसावर, दोन चांगले शब्द मेलेल्या माणसाकडून मागायची वेळ का यावी? कारण आपण जिवंत माणसं कधी बोललोच नाही. फोन केले ते तक्रारीचे. म्हणून आज मी माझ्याच तोंडाने सांगते. श्यामसुंदरराव, माझे मिस्टर आयसीयूत होते तेव्हा तुम्ही रोज सकाळी डबा घेऊन यायचात, आणि मी तुमचे साधे आभारही मानले नाहीत. तुमच्या जिवावर आम्ही निर्धास्त राहिलो. तुम्ही फार चांगले आहात, आणि तुम्ही चाललात याचं मला खरंच वाईट वाटतंय.

आणखी एक. त्या दिवशी "नाही" म्हटल्यावर कमलताई पुढे म्हणाल्या होत्या, "त्यांचं मला सांगता येत नाही, भाऊ. माझं सांगते." आणि त्यांनी जे सांगितलं ते ऐकून श्यामसुंदरराव रडले, हसले, आणि दुसरा कप चहा घेतला. ते काय होतं, हे सांगायचा मोह मला अनावर झालाय. पण ते शब्द त्यांचे आहेत.

अनिरुद्धराव, वेळ दिलात, आभार. मुकुल, तुझे सगळ्यात जास्त. माझं काही चुकलं असेल तर वडे खाताना तोंडावर सांगा, माफी मी आजच मागून टाकते. मी गेल्यावर माझ्या आवाजात ती कोणी मागायची नाही.

इतक्या वर्षांत कमलताई आपल्या एकाही सभेत बोललेल्या नाहीत. घरातलं एक माणूस बोलत होतं, तेवढं पुरत होतं म्हणतात. कमलताई, या. हा घ्या माईक.