हिराचा नर्सिंगचा फॉर्म

मी मूळची देवळाली प्रवराची. आमचं घर ख्रिस्ती, वडील मास्तर, दोन्ही आत्या नर्स, थोरली बहीण नर्स, म्हणजे मुलगी बारावी झाली की तिला कुणी काही विचारायचंच नाही, पांढरं कापड आणायचं आणि शिवायला टाकायचं. माझाही ड्रेस शिवला होता. पण पहिल्याच महिन्यात रक्त बघून मी दोनदा पडले, घरी परत आले, आणि फिरत फिरत इथं राजूरला मुलींच्या वसतिगृहात अधीक्षिका म्हणून लागले, ती आजपर्यंत.

काय सांगू तुम्हाला, मला सगळं लिहून ठेवायची सवय. भांडी कुणाकडं, झाडू कुणाकडं, औषधाची पेटी कुणाकडं. आणि बारावीच्या मुलींची वेगळी यादी, कुणाला काय व्हायचंय त्याची. ऊसवाल्या पाटलांची मुलगी म्हणते स्पर्धा परीक्षा. प्रज्ञा आमची बौद्ध घरातली, ती म्हणते वकील, आणि वकिलाला इंग्रजी किती लागतं ते मलाच विचारते. डोंगरातल्या ठाकरांच्या, महादेव कोळ्यांच्या मुली मात्र, तुम्ही लिहाल ते, मॅडम, म्हणतात. मग मी त्यांच्या कामाच्या पाळीवरून ओळखते.

हिरा ठाकरांची. दोन वर्षं औषधाच्या पेटीची पाळी मागून घ्यायची. पेटीवालीनं सकाळी दवाखान्यात जाऊन संपलेल्या गोळ्या आणायच्या असतात. मी म्हटलं पोरीला आवड आहे, लिहिलं नर्सिंग. तिच्या आईला सांगितलं तर ती म्हणाली, नरस व्हनार आसंल तर शिकू द्या बाई, न्हाईतर तिच्या मामानं लग्नाला जागा बघून ठिवलीय.

फॉर्मचा शेवटचा दिवस. मी सगळं भरलं, फोटो चढवला, आणि हिरा म्हणते, मॅडम, नका पाठवू, मला फॉरेस्टात गार्ड व्हायचंय. मी म्हटलं, अगं मग दोन वर्षं पेटी कशाला घेतलीस? तर म्हणे, भरतीत पळावं लागतं, दवाखान्याच्या वाटेवर पळायला मिळायचं ना, एरवी एकटीला सोडत कुठं होता तुम्ही. प्रज्ञा तिथंच होती, ती हसायलाच लागली, म्हणाली, मॅडम, साऱ्या हॉस्टेलला माहीत होतं, तुमच्या वहीलाच नव्हतं.

आता करायचं काय? भरतीची जाहिरात कधी निघेल ते कुणी सांगेना, आणि नर्सिंग सोडलं तर मामा तयारच. मी खुर्चीवरून उठले, म्हटलं, तूच बस, पाठवायचा की नाही तूच बघ. ती बसली आणि मला विचारते, मॅडम, तुम्हाला काय व्हायचं होतं? मी आठवत राहिले, आणि खरं सांगते, काही आठवेचना. तेवढ्यात तिनं बटण दाबलं, फॉर्म गेला. मामाकडं बघून पाठवला की माझ्याकडं बघून, मला अजून कळलेलं नाही.

आता ती नगरला दुसऱ्या वर्षाला आहे. परवा तिचा फोन, जाहिरात निघाली मॅडम, फॉर्म भरा, घरी बोलू नका. मी म्हटलं, अगं आता थोडं राहिलंय, नर्सिंग पुरं कर. तर म्हणाली, रोज सकाळी पळते मी. आणि लगेच म्हणाली, पण इथं एक म्हातारी माझ्याशिवाय कुणाकडून सुई टोचून घेत नाही, तेही लई बरं वाटतं. म्हणजे मी काय समजायचं? विचारलं तर म्हणे, मलाही कळत नाही मॅडम, तुम्ही भरून ठेवा. तिच्याकडून कागद मागवलेत, उद्या बसून फॉर्म भरीन. तिचं भलं कशात आहे ते मला सांगता येत नाही, पण देवा, होऊ दे.