पेवात सोडलेला दिवा

(वैशाख, शके १७८७. अमरावतीजवळचे एक खेडे. अंगणातल्या पेवाच्या, म्हणजे जमिनीखालच्या धान्यकोठाराच्या, तोंडावरची शिळा नुकतीच सारली आहे. काठाशी खुशालराव, त्यांची पत्नी पार्वताबाई आणि आज अकोल्याला वेगळे बिऱ्हाड करायला निघालेला त्यांचा मुलगा चंद्रभान.)

चंद्रभान : ...आणि बघा, ऊन अजून कडुनिंबाच्या शेंड्यावरच आहे. फार सावकाश उतरते ते. आधी गोठ्याच्या गवतावर, मग बैलांच्या पाठीवर; आणि माय, तुझ्या तुळशीपाशी ते क्षणभर थबकते. अमरावतीला शाळेत असताना डोळे मिटले की मला हेच दिसे. रोजचेच ऊन. पण आज त्याने या पेवाच्या तोंडाशी येऊ नये, असे वाटते.

खुशालराव : मोरोपंत मास्तरनं तुले बोलाले लय शिकवलं, बाप्पा. ऊन पेवात उतरेपरेंत थांबाच लागते. कोंडलेली हवा मानसाले गिळते. घाई असन तं नीघ तसाच.

पार्वताबाई : तसाच कसा निघन? पोराच्या नव्या चुलीवर वर्सभर बापाच्या पेवातली ज्वारी पायजे. तुमाले नाई देल्ली तुमच्या बापानं?

खुशालराव : देल्ली. कोन नाई म्हन्ते? पन अकोल्यात बजार नाई का? बैलाच्या शिंगाच्या चांदीच्या शेंब्या काढून देतो. घेऊन जाय.

चंद्रभान : अकोल्याच्या जुन्या शहरात चांदी पुष्कळ आहे, बाबा. ज्वारी नाही. तीन वर्षे सगळ्यांनी कापूसच पेरला. आता ती अमेरिकेतली लढाई संपली, कापसाचा भाव पडला, आणि शेंब्या काही शिजत नाहीत. सिंधूला पाचवा महिना आहे.

पार्वताबाई : सून कवाची गाडीत बसून राहिली. पोती रिकामीच हायेत तिच्यापाशी.

खुशालराव : तं आठ दिवसानं ने.

चंद्रभान : बाबा, एक विचारू? चार वर्षांपूर्वी लिंपलेली माती दगडासारखी व्हायला हवी होती. पहारीच्या एका टोल्यात कशी सुटली?

खुशालराव : माती हाये थे. पान्यानं भुसभुशीत झाली असन.

पार्वताबाई : कोन्या पान्यानं वो? वैशाखात?

खुशालराव : तू चूप राह्य वं! सोड रे दिवा. पाहूनच घे.

चंद्रभान : सोडतो. एक हात. दोन. तीन.

खुशालराव : विझला?

चंद्रभान : नाही.

खुशालराव : विझन. विझला का दोर वर घे. मंग आज कोनी उतराचं नाई.

पार्वताबाई : तुमी काहून विझाची वाट पाहून राहिले?

चंद्रभान : चार. माय, दाणे पाच हातांवर लागतात ना?

पार्वताबाई : व्हय. म्याच पायानं दाबले होते.

चंद्रभान : पाच. सहा. ज्योत हलतसुद्धा नाही. सात.

पार्वताबाई : दोर तिरपा जात असन.

चंद्रभान : आठ. नऊ. ...सैल पडला.

पार्वताबाई : दान्यावर टेकला?

चंद्रभान : तळावर. थोडा भुसा आहे. आणि एक टोपले. लाल काठाचे.

पार्वताबाई : माह्यं टोपलं? थे तं कार्तिकात हारपलं होतं. आमी कौंडन्यपूरच्या जत्रेहून आलो अन् सापडेचना. शेजारच्या पुंजारामच्या बायकोले बोल लावला म्या त्याच्यापाई. ...आवो. जत्रेले तुमी नोते आले. घरीच होते.

खुशालराव : ऊन आलं पाह्य पेवात.

चंद्रभान : बाबा.

खुशालराव : शिंगाले चांदी बसवली तवा सारं गाव पाहाले आलं होतं. तूबी पाह्यली. हासला होता तू.

चंद्रभान : हसलो होतो. चांदी कशातून आली, ते विचारले नाही.

खुशालराव : मले वाटे, एकुलता एक पोरगा हाये. थो कुठी जाते? वेगळं कोनाले द्याचं हाये? पुढच्या सालाले पेरतो, भरून ठेवतो. कोनाले समजतबी नाई.

पार्वताबाई : सांगा त्याले. गाडी उभी हाये.

खुशालराव : ज्वारी म्या इकली, चंद्रभान.