ओटीवर बसून शिवलेली गोधडी

माजं माहेर मिठागरावरचं, तिकडं पेणकडं. दारात उभं राह्यलं का नजर जाईल तिथवर पांढरं मीठ नायतर खारं पाणी, हिरवं असं काय न्हाय, मेथीची जुडीसुद्दा बाजारातनं यायची, म्हणून लगीन होऊन मी इकडं मुरूडच्या आतल्या अंगाला आले तवा परसात वालाचे वेल बघून मला वाटलं का हे लोक लई श्रीमंत हायेत. श्रीमंत कसले, काय सांगू तुमाला बाई, दोन खोल्या, भाताचा येक तुकडा आणि परसातला मळा, येवढंच. पण माजी सासू व्हती ना, तिच्या हातातनं काय वाया जायाचं न्हाय. तांदळाचं धुवण मिरचीला, मासळी धुतलेलं पाणी दुधीच्या मुळाशी. पयल्या महिन्यात मी चुलीतली राख उकिरड्यावर टाकली तर तिनं ती माज्याकडनं सुपात परत गोळा करून घेतलीन, म्हणाली भोपळ्याच्या पानांवर तांबडे भुंगेरे येतील तवा काय तुज्या बापाचं मीठ टाकशील का. पानांवर दंव असताना सकाळी सकाळी राख फडक्यातनं झटकायची, म्हणजे चिकटून बसते, मंग भुंगेरा पानाला तोंड लावत न्हाय. हे मी तिच्याकडनं शिकले.

आणि चिंध्या. कुणाचं लुगडं फाटलं, मुंडासं विटलं का सासू आधी ते उन्हाशी धरून बघायची, धड भाग येगळा, जीर्ण येगळा. जीर्ण मधे भरायचा, धड वर लावायचा, आणि दोरासुद्दा इकत न्हाय, काठांचे धागे उसवून त्यांनाच पीळ घालायचा. आमचे मालक तवा मुंबईला गिरणीत, सूतखात्यात, तुटलेला धागा जोडायचं काम. शिमग्याला, गणपतीला आगबोटीनं यायचे, अंगात सदरा, डोक्याला टोपी, आणि चिंध्यांचं बोचकं बघितलं का नाक मुरडायचे. येकदा गिरणीचं ब्लँकेट घेऊन आले, आईला म्हणाले ती बोचकी आता फेकून दे. सासूनं ब्लँकेट घडी घालून फळीवर ठेवलान आणि गोधडी पांघरून निजली.

मंग येका वर्षी भातकापणी आटपली आणि हे अवेळीच आले. गिरणी बंद पडली व्हती, पण नुसतं तेवढंच असतं तर दुसरी मिळाली असती, यांच्या छातीत कापूस बसलेला, चार पावलं चालले का धाप. नांगर काय धरवंना, शेत दिरानं कसायला घेतलान. हे दिवसभर ओटीवर खांबाला टेकून बसायचे. बोलणं बंद. जेवायला बसा म्हटलं का बसायचे, उठा म्हटलं का उठायचे. मी मनात म्हणायची, ह्या माणसानं मला दोन शिव्या घातल्या तरी चालतील, पण तोंड उघडावं.

त्या साली आमचं सगळं त्या मळ्यावर. भात दिराकडनं यायचं, पण भाताबरोबर खायला काय. कोळणी यायच्या, वाल-वांगी न्यायच्या आणि बदल्यात सुके बोंबील, सुकट द्यायच्या, तेच आमचं कालवण. आणि नेमका पौषात वालावर मावा पडला, ती बारीक काळी कीड. शेंडे काळे, चिकट, मुंग्या चढलेल्या. राख टाकली, मावा हलला न्हाय. गोमूत्र पाण्यात घालून शिंपडलं, दोन दिवस बरं वाटलं, परत तेच. सासूला तंबाखूचं लई येड. सकाळी मशेरी, दुपारी पान, डबी कायम कमरेला. त्या दिवशी तिनं वालाचा शेंडा बोटांनी चाचपलान, घरात गेली, वर्षाची तंबाखू मडक्यात भरून ठेवलेली ती सगळी आणलीन आणि उकळत्या पाण्यात टाकलीन. मी म्हटलं आई, तुमाला काय राहील. ती म्हणाली, मी तंबाखूवाचून मरत न्हाय, वाल मरतो. दुसऱ्या दिवशी गाळून त्यात रिठ्याचा फेस घातला आणि केरसुणीनं शिंपडलं, तेबी पानांच्या खालच्या अंगाला, कारण मावा तिथं दडतो. ते ईख असतं, त्यावर धा दिवस शेंग तोडायची न्हाय, हे तिनं मला दहादा बजावलान.

वाल वाचला. पण सासूचे हाल झाले. डोकं दुखायचं, हात सारखा कमरेशी जायाचा, डबी चाचपायचा. मंग हाताला काम म्हणून ती सकाळपासनं गोधडीला बसायला लागली. गावातल्या बायका आपापली जुनेरं आणून द्यायच्या, शिवून दिलं का तांदूळ द्यायच्या, तशा चार गोधड्या पावसाआधी द्यायच्या व्हत्या. दिवसभर बसायला लागली तवा कळलं का तिला नीट दिसत न्हाय. टाके तिरपे, येक टाका दुसऱ्यावर चढलेला. मी गुपचूप उसवून परत घालायची, पण मळा, पाणी, घर, किती करणार. आणि तिला का कळत न्हवतं, बोटांनी चाचपून सगळं कळत व्हतं.

येका दुपारी ती ओटीवर गेली, यांच्या शेजारी बसली आणि सुई पुढं केलीन, म्हणाली पोरा, दोरा ओव. यांनी ओवून दिला. जरा वेळानं दोरा तुटला. मी असते तर गाठ मारली असती, यांनी दोन्ही टोकं बोटांत धरली, जराशी चोळली, आणि दोरा अखंड, कुठं जोडलाय ते बघूनबी दिसंना. सासूनं त्यावरनं बोट फिरवलान, म्हणाली हे गिरणीतलं का. व्हय, म्हणाले. कितीतरी दिवसांनी मी त्यांचा शब्द ऐकला. तिनं गोधडी त्यांच्या मांडीवर सरकवलीन आणि उठून गेली.

पयले आठ दिवस मागच्या पडवीत दार लावून शिवलं त्यांनी. बाप्या माणूस गोधडी शिवतो, कुणी बघू नये म्हणून. पण टाका बघाल तर भाताच्या दाण्यायेवढा, सगळे सारखे, रांग म्हणून हललेली न्हाय. मंग शेजारीण विस्तव मागायला मागल्या दारानं आली ती बघून हसत सुटली, आणि सांजच्याला विहिरीवर सगळ्यांना ठावं. दीर आला. म्हणाला दादा, घराची अब्रू घालवलीस, मी भात देतोय ना, बसून खा. यांनी सुई काढून ठेवली आणि तीन दिवस परत त्याच खांबाला टेकून.

चौथ्या दिवशी सासूनं दिराला बोलावून घेतलान. दोघं भाऊ समोर उभे. दिराला म्हणाली, परक्याच्या गिरणीत हा धागे जोडीत व्हता तवा तुला त्यात अब्रू दिसली, आता आईची गोधडी जोडतो तर लाज वाटते. मला दिसत न्हाय, मंग तू घे सुई. दीर चपला घालून गेला.

यांनी बोचकं उचललं आणि पडवीत न्हाय गेले, ओटीवर वाटेकडं तोंड करून बसले. येणारेजाणारे थांबून बघायचे. मी दाराआडनं बघत व्हते. सांजच्याला हाक मारून म्हणाले, अगो, हिरवा तुकडा हाय का, हिथं कडेला हिरवा बरा दिसंल. माज्या लग्नातल्या लुगड्याचा पदर तेवढा मी जपून ठेवला व्हता, तो फाडून दिला. न्हाय म्हणायची ती वेळच न्हवती.

चारी गोधड्या पावसाआधी गेल्या. हसली ती शेजारीण पुढल्या साली स्वता जुनेरं घेऊन आली, मला म्हणाली तुज्या हातची नको, भावजींच्या हातची दे. सासू जाऊन चार वर्सं झाली. शेवटी तिला काय म्हणजे काय दिसत न्हवतं, पण नवी गोधडी आधी तिच्या हातात द्यायची, बोट फिरवून ती सांगायची कुठला टाका सैल हाय, आणि हे मुकाट्यानं उसवायचे. तंबाखू मात्र तिनं परत चालू केलीन, ती काय सुटली न्हाय.

वैद्यानं तवा यांची नाडी बघून सांगितलान व्हतं, दोन पावसाळे काढले तर नशीब. आता आठ झाले. धाप हाय, थंडीत मला भ्या वाटतं, न्हाय असं न्हाय. पण ते देवाच्या हातात, आपण सकाळी उठून मळ्यात जायाचं. तुमी येवढं लिवून घेताय बाई, तुमचं भलं होवो, तुमच्या लेकरांना काय कमी पडू नये. जाताना ओटीवर त्यांच्याशी दोन शब्द बोला. मान वर करणार न्हाईत ते, टाका चालू असतो, पण ऐकत असतात.