काळी पट्टी

बाइंडिंगच्या दुकानात माझ्यापुढे दोघी मैत्रिणी उभ्या होत्या. एकीच्या हातात प्रबंध होता.

"फोटोंचं काय केलंस गं? आमच्या सरांनी नेटवरचे सगळे काढायला लावले."

"मी नाही बाई कुणाचं फुकट उचललं. प्रत्येक फोटोची लेखी परवानगी आहे. हा बघ, भाजलेल्या रुग्णाचा. डॉक्टरांनी स्वतः काढलाय, हक्क त्यांचाच. विचारलं तर लगेच हो म्हणाले."

"आणि हिला विचारलंस?"

"कुणाला?"

"फोटोतल्या बाईला."

"अगं, डोळ्यांवर काळी पट्टी आहे की! कोण ओळखतंय?"

"दाखव इकडे. नीट धर."

"काय झालं? एवढं निरखून काय बघतेस?"

"हा डाग मानेवरून खाली पाठीवर उतरतो. इथे दिसत नाही."

"मग तुला कसं माहीत?"

"मलम मीच लावायचे."

"अगं बाई! काकू?"

"फोटो फक्त दवाखान्याच्या फाइलला लावायचाय, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं तिला. माझ्या लग्नातसुद्धा आई एका फोटोत उभी राहिली नाही गं."

काउंटरवरच्या माणसाने हात पुढे केला.

"द्या ताई. किती प्रती काढू?"